वॅगनआर: मालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मारुती सुझुकीची वॅगनआर बंद पडत नाही असा तिचा लौकिक आहे, आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. अडचण अशी की या लौकिकाच्या जोरावर ऑइल दीड वर्ष तसंच राहतं, कूलंटच्या जागी नळाचं पाणी जातं आणि गॅसच्या टाकीची टेस्ट विसरली जाते. गॅरेजमध्ये मोठ्या बिलाला आलेल्या बहुतेक वॅगनआरचं मूळ अशाच एखाद्या छोट्या कामात सापडतं. खालची उत्तरं मुख्यतः २०१० नंतरच्या, के-सिरीज इंजिनच्या गाड्यांसाठी आहेत.

माझी वॅगनआर नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं?

भारतात ही गाडी १९९९ च्या अखेरीस आली. तिचं इंजिन १०६१ सीसीचं, चार सिलिंडरचं होतं. २०१० मध्ये नवी बॉडी आणि ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं के१०बी इंजिन आलं. जानेवारी २०१९ पासूनची गाडी रुंद आणि नव्या सांगाड्यावरची आहे. तिच्यात १.० लिटरसोबत १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिनही मिळू लागलं. २०२२ मध्ये १.० चं के१०सी झालं: दर सिलिंडरला दोन इंजेक्टर आणि सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणारी यंत्रणा.

पार्ट मागवताना 'वॅगनआरचा द्या' एवढं पुरत नाही. आरसी बुकावरचा महिना-वर्ष आणि चासी नंबर सांगा. २०१८ च्या शेवटी बनलेली गाडी जुनीही असू शकते आणि नवीही, त्यामुळे काउंटरवर सर्वांत जास्त घोळ याच गाड्यांचा होतो.

रोजच्या वापरात अॅव्हरेज किती धरावं?

२०२२ नंतरच्या १.० मॅन्युअलचा कंपनीचा आकडा लिटरला २४.३५ किमी आणि सीएनजीचा किलोला ३४.०५ किमी आहे. हे चाचणीतले आकडे. पुण्या-ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून पेट्रोलवर १४ ते १७, हायवेला ८०-९० च्या वेगात १९ ते २२, आणि सीएनजीवर शहरात किलोला २३ ते २७ मिळत असतील तर गाडी ठणठणीत आहे.

मोजायचं ते टाकी ते टाकी मोजा. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, किमान ३०० किमी चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. डॅशबोर्डवरचा आकडा साधारण थोडा उदारच असतो.

अॅव्हरेज अचानक दोन-तीन किलोमीटरने पडलं तर इंजेक्टर साफ करून घेण्याआधी क्रमाने चार गोष्टी बघा: टायरची हवा, एअर फिल्टर, एखादं चाक ब्रेकला धरतंय का, आणि प्लग. चाक धरत असेल तर दहा किलोमीटर चालवून थांबल्यावर त्या रिमजवळ हात नेला की बाकीच्यांपेक्षा जास्त धग जाणवते. रिमला हात लावू नका, भाजतं.

ऑइल कोणतं, किती, आणि किती दिवसांनी?

जुन्या के१०बी गाड्यांना ५डब्ल्यू-३०, नव्या गाड्यांना त्याहून पातळ. मॅन्युअलमध्ये आपल्या वर्षाचा ग्रेड बघून घ्या. फिल्टरसकट १.० इंजिनला तीन लिटरच्या आत ऑइल लागतं. साडेतीन लिटरचा डबा फोडून 'सगळं टाकलं' असं कोणी सांगितलं तर तिथेच डिपस्टिक काढून बघा. जास्त झालेलं ऑइलही त्रासदायक असतं. क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि वाफ एअर फिल्टरच्या बाजूला जाऊन थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) काळी होते.

अंतर १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. यातलं 'एक वर्ष' लोक विसरतात. वर्षाला चार हजार किमी, तेही दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या, असा वापर असेल तर इंजिन नीट तापतच नाही. न जळालेलं पेट्रोल आणि ओलावा ऑइलमध्ये साठत राहतो. अशा गाडीचं ऑइल महामार्गावर पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर मरतं.

लेव्हल बघायची ती सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. काडी एकदा पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा मागा. जुनाच वॉशर आवळून बसवला की दोन महिन्यांत चेंबरखाली थेंब दिसू लागतो.

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते. इंजिन गेलं का?

तीन सिलिंडरच्या इंजिनाला थोडी थरथर जन्मजात असते. एसीचा कॉम्प्रेसर लागला की ती वाढते आणि स्टिअरिंगमध्ये जाणवते, तेवढं सोडून द्या. पूर्वी नव्हती आणि आता डॅशबोर्ड, आरसे सगळंच हलतंय, तर तीन शक्यता असतात.

पहिली, इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते. रबर फाटलं की गिअर टाकताना आणि क्लच सोडताना 'धड' असा धक्का बसतो. एका माणसाला ब्रेक दाबून क्लच जरासा सोडायला सांगा आणि बोनेट उघडून बाजूने बघा (गाडीच्या पुढे कोणी उभं राहू नये). इंजिन जागेवरून उडी मारत असेल तर माउंटिंग गेलं.

दुसरी, थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन. आरपीएमचा काटा उभ्या गाडीत खालीवर होतो आणि एसी लावला की गाडी बंद पडायला येते. कार्ब क्लीनर आणि मऊ कापडाने साफ होते. तिची चकती बोटाने ढकलून उघडू नका, आतले इलेक्ट्रॉनिक गिअर दुखावतात.

तिसरी, मिसिंग. एक सिलिंडर काम करत नसेल तर तीनपैकी एक म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली. गाडी झटके देते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. स्कॅनरवर पी०३०१, पी०३०२ किंवा पी०३०३ असा कोड येतो, त्यातला शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. प्रत्येक प्लगवर त्याला ठिणगी देणारी स्वतंत्र कॉइल असते, त्यामुळे तपासणी सोपी आहे: पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. कोडही दुसऱ्यावर सरकला तर कॉइल खराब. जागेवरच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर. एवढं न करता तिन्ही कॉइल बदलायला सांगणाऱ्याला नमस्कार करून निघा.

क्लच किती किलोमीटर टिकतो?

ठरलेला आकडा नाही. हायवेच्या गाड्यांचा मूळ क्लच लाखाच्या पुढे गेलेला असतो आणि शहरात हाफ क्लचवर चालणारी गाडी ४०-५० हजारांतही प्लेट खाते. सवयी दोनच महत्त्वाच्या: चढावर गाडी क्लच-अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, हँडब्रेक ओढा. आणि डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नका. नुसता पाय टेकला तरी रिलीज बेअरिंग फिरत राहतं.

प्लेट घसरतेय का हे मोकळ्या रस्त्यावर कळतं. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने चालत असताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज आणि आरपीएम वाढले पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर प्लेट संपली. पेडल जड झालं असेल तर प्लेटच्या आधी क्लच केबल बघा. केबल स्वस्तात बदलून होते आणि कित्येकदा दोष तिचाच असतो.

काम करताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदला. मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते. बेअरिंगचे थोडे पैसे वाचवून चार महिन्यांत पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्यात अर्थ नाही. गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकचं मागचं ऑइल सीलही बघून घ्या.

एजीएस घ्यावी का? घाटात काय होतं?

एजीएस (ऑटो गिअर शिफ्ट) म्हणजे आत नेहमीचा क्लच आणि नेहमीचा गिअरबॉक्स, फक्त पाय आणि हात यांचं काम मोटर-हायड्रॉलिक करते. म्हणून अॅव्हरेज मॅन्युअलसारखंच राहतं, आणि म्हणूनच क्लच प्लेटही मॅन्युअलसारखीच झिजते. ट्रॅफिकमध्ये गुडघा वाचतो हे खरं. गिअर बदलताना क्षणभर गाडी दम खाते, ओव्हरटेक करताना हे लक्षात ठेवा.

कसारा, आंबोली, कुंभार्ली अशा चढांवर गाडी मॅन्युअल मोडमध्ये टाका आणि दुसरा-तिसरा स्वतः निवडा. डी मध्ये (गाडी स्वतः गिअर बदलते तेव्हा) ती वरचा-खालचा गिअर शोधत बसते. चढावर ट्रॅफिक थांबलं तर ब्रेक दाबून थांबा. अॅक्सिलरेटरवर तोलली की दोन मिनिटांत क्लच जळल्याचा वास येतो.

एजीएसचा क्लच बदलल्यावर स्कॅन टूलने नवीन क्लचची ओळख करून द्यावी लागते. ते टूल नसलेल्या गॅरेजात प्लेट बसवून घेतली तर गाडी झटके देते, कधी गिअरच घेत नाही, आणि दोष बिचाऱ्या नव्या प्लेटवर येतो.

सीएनजी: कंपनीची घ्यावी की बाहेरून किट बसवावं?

नवी घेत असाल तर कंपनीची. वायरिंग, मागचं सस्पेन्शन आणि वॉरंटी सगळं त्या हिशोबाने असतं. जुन्या पेट्रोल गाडीला बाहेरून बसवायचं तर मान्यताप्राप्त सेंटरमधून सिक्वेन्शियल किट (दर सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) बसवा आणि आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या. विम्यातही किट लिहून घ्या. आरसीवर 'पेट्रोल' आणि डिकीत टाकी अशा गाडीचा क्लेम अडकतो.

हिशोब साधा आहे. महिन्याला ८००-१००० किमीच्या वर चालवणाऱ्याला सीएनजी परवडते. त्याखाली किटचे पैसे वसूल व्हायला वर्षं जातात, डिकी जाते, आणि पंपावरची रांग वेगळीच.

साठ लिटरची टाकी, मग दहा किलो गॅस का बसत नाही?

साठ लिटर ही टाकीची पाण्याच्या मापाने क्षमता. २०० बारच्या दाबाला तेवढ्यात सुमारे दहा किलो गॅस मावू शकतो, पण भरताना टाकी तापते आणि तापलेला गॅस कमी मावतो. पंपाचा स्वतःचा दाबही गर्दीच्या वेळी उतरलेला असतो. म्हणून सात ते नऊ किलो हेच खरं. पहाटे किंवा रात्री उशिरा भरलं की पाव-अर्धा किलो जास्त बसतो.

सीएनजीच्या गाडीची वेगळी निगा काय?

टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी बंधनकारक आहे. टाकी उतरवून, पाणी भरून, वापरातल्या दाबापेक्षा जास्त दाबाखाली ती तपासतात. टेस्टची तारीख डिकीतल्या प्लेटवर आणि सर्टिफिकेटवर असते, आणि मुदत संपली की पंपवाला गॅस नाकारतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी हे कळण्यापेक्षा फोनमध्ये आठवण लावून ठेवा.

पेट्रोलच्या टाकीत नेहमी किमान पाव टाकी पेट्रोल ठेवा. पंप टाकीच्या आत असतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. काटा लालवर ठेवून वर्षभर गॅसवर फिरणाऱ्यांचे पेट्रोल पंप जळतात. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवलीत तर इंजेक्टरही चिकटत नाहीत.

गॅस कोरडा आणि जास्त तापमानाला जळतो. प्लग आणि एअर फिल्टर यांची हयगय गॅसवर लगेच दिसते. पेट्रोलवर नीट आणि गॅसवर झटके, असं असेल तर आधी प्लग, मग गॅसचा फिल्टर. दीर्घ वापरानंतर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातात आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट कमी होते. सकाळी गाडी मिसिंग मारते, तापल्यावर सुधारते. दर ४०-५० हजारांना टॅपेट क्लिअरन्स मोजून घेतला तर हेड उतरवण्याची पाळी येत नाही.

गॅसचा वास आला तर: गाडी बंद, काचा-दारं उघडी, टाकीवरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद. बंदिस्त पार्किंग असेल तर गाडी ढकलून उघड्यावर आणा. स्टार्टर मारून बाहेर काढायला जाऊ नका.

पावसाळ्याआधी काय करावं? कोकणात गाडी असते.

बोनेट उघडून काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा हाताने काढा. तिथली पाण्याची वाट तुंबली की पाणी आत शिरतं. एसी चालू असताना डाव्या सीटच्या पायापाशी कार्पेट ओलं होत असेल तर ते बहुधा एसीची ड्रेन नळी तुंबल्याने. नळी साफ करून हे काम दहा मिनिटांत होतं, पण दुर्लक्ष केलं तर कार्पेटखाली बुरशी आणि वायरिंगला गंज.

खारी हवा आणि चिखल मिळून चाकांच्या कमानी, मागचा अॅक्सल आणि सायलेन्सर खातात. पाऊस संपल्यावर गाडी खालून प्रेशरने धुऊन, पूर्ण वाळवून मग अंडरकोटिंग करा. ओल्या पत्र्यावर मारलेलं कोटिंग आतला गंज झाकून ठेवतं, थांबवत नाही.

आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडून पहिला गिअर टाका आणि चाकाला दगड लावा. मागचे ब्रेक ड्रमचे आहेत. दमट हवेत लायनर ड्रमला चिकटतात.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुतेकदा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. टो करून न्या आणि बॅटरीची वायर काढून ठेवा.

टायर जाड टाकले तर?

२०१० ते २०१८ च्या खालच्या व्हेरियंटना १४५/८० आर१३ येतो. त्याच रिमवर १५५/८० आर१३ बसतो. व्यास साधारण तीन टक्क्यांनी वाढतो, जमिनीपासूनची उंची आठ मिलिमीटर वाढते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा तेवढाच कमी वेग दाखवतो. पकड सुधारते, पिकअप किंचित जड होतो. याच्या पुढे जाऊ नका. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे. ती थंड टायरला, आणि स्टेपनीलाही.

खड्ड्यात पुढून खडखड येते.

बहुतेक वेळा लिंक रॉड, त्यानंतर लोअर आर्मचे बुश, त्यानंतर शॉकअपचं वरचं माउंटिंग. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिलं की कुठे ढिलं आहे ते कळतं. वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ अशी गुणगुण मात्र व्हील बेअरिंगची. सस्पेन्शनचं काहीही उघडलं की अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर आतल्या बाजूने घासून जातात.

सुरक्षिततेचं काय?

इथे गोडवे गाण्यासारखं काही नाही. गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या चाचणीत २०१९ मध्ये पाचपैकी दोन तारे आणि २०२३ मध्ये मोठ्यांसाठी एक तारा, मुलांसाठी शून्य मिळाले. २०२५ पासून सहा एअरबॅग सर्व व्हेरियंटना आल्या, पण जुन्या गाड्यांना त्याचा उपयोग नाही. उंच आणि हलकी गाडी आहे, हायवेला ९०-१०० च्या पुढे आडवा वारा आणि बाजूने जाणारे ट्रेलर जाणवतात. मागच्या सीटवरही बेल्ट लावा.

कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांत माझी आहे का?

१५ नोव्हेंबर २०१८ ते १२ ऑगस्ट २०१९ दरम्यान बनलेल्या १.० गाड्या इंधनाच्या होजसाठी (नळीसाठी), आणि १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ च्या गाड्या इंधन पंपासाठी बोलावल्या होत्या. ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ च्या काही गाड्या पंपाच्या मोटरसाठी २०२४ मध्ये पुन्हा. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून तपासा. ज्या गाडीचं काम राहिलंय ते फुकट होतं. या काळातली सेकंड हँड गाडी घेताना हे आधी बघा.

सेकंड हँड घेताना कुठे फसतात?

गाडी बघायला जाताना मालकाला सांगा की इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम असेल तर थंडीतला आवाज लपवला गेलाय. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सर बघा: निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, सतत दाट पांढरा म्हणजे कूलंट.

पुरात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आत गुंडाळलेला भाग कोणी धुतलेला नसतो, गाळाची रेघ तिथे सापडते. सीटच्या रुळांचा गंज आणि स्टेपनीच्या खळग्यातला चिखलही बघा.

याच गाडीचा टॅक्सीसाठीचा प्रकार टूर एच३ नावाने विकला जातो. टॅक्सीची खासगी केलेली गाडी वाईट असतेच असं नाही, पण किंमत त्या हिशोबाने हवी. आरसीवरचा इतिहास, न भरलेली ई-चलनं, कर्जाचा बोजा आणि सीएनजीची नोंद ऑनलाइन तपासा. कागद: मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, परराज्यातली असेल तर एनओसीचा फॉर्म २८. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही.

ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?

एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई२० चालेल अशाच बनलेल्या आहेत. जुन्या गाड्यांत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील यांवर लक्ष ठेवा. तडे किंवा पाझर दिसला की बदला. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि अॅव्हरेजही त्याच अंगाने उतरतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी उरते.

पंधरा वर्षं झाली. भंगारात काढावीच लागते का?

महाराष्ट्रात खासगी गाडीला तसं बंधन नाही. फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून याची फी कारसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाली, त्यावर हरित कर वेगळा. मुदत संपायच्या आधीच्या दोन महिन्यांत अर्ज करा. न्यायच्या आदल्या आठवड्यात हेडलाइट, हॉर्न, हँडब्रेक, वायपर, टायरची नक्षी आणि पीयूसी बघून घ्या, आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असल्याने एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवलेली हवी. चासी नंबरवरचा गंज आणि ग्रीस कापडाने पुसून ठेवा. नंबर वाचता आला नाही तर तपासणी तिथेच थांबते.